समज बसली

धुळे,
२९ मे १९७५

प्रिय ताईबाई,

जानेवारीत तू मला एकच प्रश्न विचारला होतास. तुझ्या लेकीला, बेबाला, जूनपासून मी धुळ्याला माझ्याकडे ठेवून शाळेत घालीन का? तिचे वडील हिलालभाऊ यांचीही ना नव्हती. बाईंची तयारी असेल तर नेऊ दे, असं ते म्हणाल्याचं तूच लिहिलं होतंस. आणि मी नको लिहिलं. चांगली दोन पानं भरून, कारणं देऊन नको लिहिलं. ते माझं उत्तर चुकीचं होतं. बेबाला मी न्यायला येते आहे. आता हिला एकदम काय झालं, असं तुला वाटणारच. पहिल्यापासून सांगते. मला मधूनच सांगायला जमत नाही, हे ट्रेनिंगला दोन वर्षं एका खोलीत राहून तुला पाठ झालेलं आहे.

यंदा महिला वर्ष. त्या निमित्ताने इथल्या एका कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या सरांनी पाहणी काढली. घरात बायकांना आणि मुलांना मारतात का, आणि लोकांना ते बरोबर वाटतं का, असा विषय. सुटीत शिक्षिकांना काही काम नसतं असं सगळ्या जगाला वाटतं, त्यामुळे आम्हा सहाजणींना पकडलं. माझ्या वाट्याला साक्री तालुक्यातली चार गावं आली. तुझं गाव यादीत नव्हतं, नाहीतर कागदांचं बोचकं घेऊन तुझ्याच ओट्यावर येऊन बसले असते. बावीस प्रश्नांचा छापील तक्ता होता. सर म्हणाले, आधी प्रत्येकीने स्वतःचा भरा, म्हणजे हात बसेल. अकरावा प्रश्न होता: लहानपणी तुम्हाला घरात मारहाण होत असे काय? मी 'नाही' लिहिलं आणि बाराव्याकडे वळले. थांबलेसुद्धा नाही.

मग उन्हातान्हात गावं हिंडले. बायका चांगल्या बोलायच्या गं. पाणी द्यायच्या, बसायला गोधडी टाकायच्या, माझ्या रिकाम्या कपाळाकडे बघून हळहळायच्या, इतक्या लवकर कसं झालं विचारायच्या. पण प्रश्न विचारला की उत्तर एकच. आमच्याकडे कोणी मारत नाही. मग भांडण झालं तर नवरा काय करतो? समज देस. पोरांनी ऐकलं नाही तर? समज देस. घरामागून घर हेच. तक्त्यात त्याला चौकोन नव्हता, म्हणून मी सरांना विचारून समासात लिहायला लागले: 'समजावून सांगतात'. चार गावांत मिळून एकशे बारा घरं झाली, त्यांतल्या अठ्ठ्याऐंशी घरांत समजावून सांगतात. सर तर रोजचे कागद बघून हरखून गेले. आपण शहरातले लोक खेड्यांना उगीच नावं ठेवतो, म्हणाले. मलाही पटलं. एस.टी.त बसून मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा, शिकलेल्या घरांपेक्षा हे लोक किती शहाणे.

शेवटच्या गावात शेवटच्या घरी तानुबाई म्हणून एक बाई भेटली. असेल पन्नाशीची. बाजरी पाखडत होती. तिनेही तेच सांगितलं, मारनं वाईटच शे, समज तर देनीच पडस. मी दमले होते, उन्हाने डोकं उठलं होतं, नाहीतर पुढचं विचारलंही नसतं. सहज म्हटलं, समज देताना नेमकं काय सांगतात हो मालक? तिचं सूप थांबलं. ती इतकी हसली, इतकी हसली की शेजारची बाई बाहेर आली. सांगतस काय, म्हणाली, हात शे ना त्यासले. आणि बाही वर करून तिने कोपर दाखवलं. हाड भलतीकडेच जुळलेलं. हाई मोठी समज व्हती, म्हणाली, लगीनना दुसरा वरीसनी. अगदी साध्या आवाजात. रडणं नाही, तक्रार नाही. आपण नाही का सांगत, त्या वर्षी मला टायफॉइड झाला होता, तसं. वर मलाच विचारते, तुम्ही नही का देतस शाळामा पोरीसले? बठ्ठा घरमा शे हाई.

मी तिथेच समासातले अठ्ठ्याऐंशी शेरे आठवत बसले. पण खरं सांगू? त्या अठ्ठ्याऐंशी घरांपेक्षा जास्त मला तुझी पत्रं आठवली.

घरी येऊन मी ट्रंक उघडली आणि तुझी आठ वर्षांची पत्रं काढून एकेक वाचली. लग्नानंतरच्या दुसऱ्याच पत्रात आहे, 'यांनी काल मला समज दिली.' पुढे दिवाळीच्या पत्रात, पुढे बेबा पोटात असताना, पुढे जवळजवळ दर पत्रात, पाऊसपाणी आणि कपाशीच्या जोडीला, एक ओळ. तू लपवलं काहीच नव्हतंस. लपवायचं असतं तर हिलालभाऊ पत्र आधी वाचतात म्हणून लपवलं असतंस. पण त्यांनाही त्यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. आणि मी काय उत्तरं दिली होती, तीही आठवली. तुझ्यासारख्या धांदरटाला समज देणारा नवरा मिळाला, नशीब काढलंस. थोडी समज मलाही पाठव पार्सलने. ताईबाई, हे मी लिहिलं होतं. थट्टेत लिहिलं होतं. तू पोटुशी असताना लिहिलं होतं.

जळगावची ती तोंडी परीक्षा आठवते? परीक्षकांनी तुला विचारलं, दंगेखोर मुलीला कशी ताळ्यावर आणाल? तू म्हणालीस, समज देईन. त्यांनी मान डोलावली, वा वा, अगदी मानसशास्त्रीय उत्तर, आणि पैकीच्या पैकी गुण दिले. बाहेर येऊन तू भिंतीला टेकून पोट धरून हसत होतीस आणि मला कळेना, चांगले गुण पडले तर ही हसते का. विचारलं तर म्हणालीस, काही नाही, जा. तुझ्याकडून मी 'शे' म्हणजे आहे शिकले, 'बठ्ठा' म्हणजे सगळं शिकले, आणि मला अहिराणी येते असं लोकांना सांगत फिरले.

आणि जानेवारीचं पत्र. तू लिहिलं होतंस, 'आता बेबालाही समज देतात. काल दुपारी दोनदा बसली.' मी मराठी शिकवते ना, शब्दांची घमेंड केवढी! तुला उत्तरात लिहिलं, अगं, समज बसत नाही, समज येते. मास्तरीण असून असं लिहू नये. ताईबाई, मार बसतो. चापट बसते. काठी बसते. चौथीतल्या मुलीला विचारलं तरी सांगेल. तुझ्या क्रियापदाने मला सरळ सांगितलं होतं आणि मी त्याच्यावर लाल शाईने रेघ ओढली. त्याच कागदावर खाली लिहिलं, बेबाला धुळ्याला पाठवण्याची घाई नको, सहा वर्षांचं मूल आहे, या वयात वडिलांकडून समज मिळते आहे तर मिळू दे, ती जितकी लहानपणी मिळेल तितकी चांगली. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

यात गावच्या बायका अडाणी आणि मी शहाणी असं काही नाही, म्हणून आमच्या घरचंही सांगते. आमच्याकडे पाणी गाळून पितात, दिवे लागायच्या आत जेवतात, ओट्यावर मुंगी दिसली तर पाय उचलून घेतात. आणि आठवीत असताना दुकानासमोर मोठ्याने हसले म्हणून थोरल्या भावाने, अमृतलालभाईने, मला कापड मोजायच्या लोखंडी गजाने मारलं होतं. पाठीवर तीन वळ. आई हळद लावत होती आणि म्हणत होती, भाई आहे, प्रसाद दिला त्याने. आमच्या घरात तो प्रसाद असतो. शाळेत त्याला वळण म्हणतात. माझ्या टेबलावर फूटपट्टी आहे आणि ती फक्त रेघा मारायला नाही. वापरते असं न लिहिता वापरत होते असं लिहायला मला आवडलं असतं, पण शाळा उघडायची आहे अजून. तेव्हा काय ते कळेल. आणि म्हणूनच अकराव्या प्रश्नाला मी खोटं लिहिलं नव्हतं. प्रश्नात मारहाण होती. मारहाण आमच्याकडे कधीच नव्हती.

सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, शब्दांचे अर्थ दर बारा कोसांवर बदलतात, सगळे तक्ते आता परत कुठे भरायचे? मी माझे चार गावांचे कागद परत मागितले. दिले नाहीत. निदान माझं नाव काढा म्हटलं, ते काढलं. आईला बेबाबद्दल सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, पोरीला भाजीत तिखट चालतं का विचार. अमृतलालभाईला अजून सांगितलेलं नाही. तो काही म्हणालाच तर मी आहे, आणि माझा पगार माझा आहे.

आता हे सगळं इतकं लांबण लावून का लिहिलं ते. परवा तुझं कार्ड आलं. चारच ओळी. 'तुझं जानेवारीचं पत्र यांनी पारावर चारचौघांत वाचून दाखवलं. धुळ्याची शिकलेली बाईसुद्धा समज द्या म्हणते, सगळ्यांना पटलं. पूर्वी बेबाला बसायला लागली की शेजारच्या धुरपदाबाई मध्ये पडायच्या. आता त्याही पडत नाहीत.' मारणारे हात माझे नाहीत, पण अडवणारा एक हात होता तो मी काढून घेतला, माझ्या सहीने, शुद्ध मराठीत. तेव्हा हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. रविवारी पहिल्या एस.टी.ने मीच घेऊन येते. बेबाचे कपडे बांधून ठेव, एवढंच कार्ड वेगळं टाकलं आहे. हे आधी तुझ्या हातात देईन. तू वाच, चुलीपाशी बसून, सावकाश. चारचौघांत वाचायला तू नको म्हणालीस तर घडी करून परत पिशवीत ठेवीन आणि बेबाला घेऊन मुकाट्याने निघेन. तुला यायचं असेल तर तूही चल, खोलीत तिघींना पुरेल इतकी जागा आहे. पण तू हो म्हणालीस, तर त्याच पारावर, त्याच लोकांसमोर उभी राहून मी हे पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. धुरपदाबाईंना तेवढं पुढे बसव, त्यांना कमी ऐकू येतं असं तू लिहिलं होतंस.

तुझीच, चुकलेली,
प्रेमकुंवर