तेरा सप्टेंबरची इमेज

४ ऑक्टोबर २००४, कारेगाव
आज कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, रुजू झाले. खुर्ची डुगडुगते, पण खिडकीतून ऊस दिसतो. इथेच खोली घेतली आहे, घरी फक्त रविवारी. दौंडला ह्यांना फोन केला. म्हणाले, त्रेचाळिसाव्या वर्षी नवी नवरी झालीस, आता भाकरी मलाच थापायला लागणार. वॉचमन भिमाजीआप्पांनी सांगितलं, या खुर्चीतले नवनाथराव चौदा सप्टेंबरला कामावर येताना हायवेवर अपघातात गेले. लई टापटिपीचा माणूस, चहासुद्धा घड्याळ बघून प्यायचा म्हणे.

९ ऑक्टोबर
दर शनिवारी हजेरीच्या कॉम्प्युटरची इमेज घ्यायची, म्हणजे सबंध डिस्कची हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर. सॉफ्टवेअर फुकटचं, मासिकाबरोबरच्या सीडीवर आलेलं. नक्कल पडताळायला अर्धा तास जास्त लागतो. दौंडची जीप चुकेल म्हणून मी पडताळली नाही. नवनाथरावांनी प्रत्येक वेळी पडताळल्याची वहीत नोंद आहे.

१६ ऑक्टोबर
आजही नाही. थकले होते. हे कारण की सवय, ठरवता येत नाही.

२१ ऑक्टोबर, खंडेनवमी
मशिनांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली. आप्पांनी फोडलेल्या नारळाचं पाणी त्याच्यावर शिंपडलं आणि डिस्क गेली. देवाचं पाणी हाय, त्यानं काय व्हतंय, म्हणाले. नवी डिस्क बसवली. माझ्या दोन्ही इमेज उघडल्या नाहीत. दोष पाण्याचा नाही, माझा. शेवटी नवनाथरावांची शेवटची, तेरा सप्टेंबरची इमेज चढवली; सोमवार होता, तरी घेतलेली. लगेच चालली.

२३ ऑक्टोबर
यादीत माझं नाव नाही. साहजिक आहे, तेव्हा मी इथे नव्हते. पण परवा इमेज चढवल्यावर भरलेलं नावही आज पुसलेलं. नवनाथरावांची मात्र आजची हजेरी लागली आहे, सात बावन्नला. त्यांचं हजेरीचं कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

२५ ऑक्टोबर
आप्पांनी गेटवर अडवलं. बाई, कुणाला भेटायचंय? चेष्टा वाटली. ते हसले नाहीत. शेजारच्या खात्यातल्या बाईंबरोबर आत शिरले. टेबलावर चहा होता, गरम. मी मागवला नव्हता.

२६ ऑक्टोबर
या रविवारी घरी गेले नव्हते, म्हणून ह्यांना फोन केला. आपण कोण, म्हणाले. करुणा, म्हटलं. करुणा तर आत भाकरी करतेय, म्हणाले, बोलवू का? मागून कुणीतरी विचारलं, कोण आहे हो?
माझाच आवाज —
तेरा सप्टेंबरला मी घरीच होते.

२७ ऑक्टोबर
नाव पुन्हा भरलं. पुसलं जायच्या आत इमेज घेतली, माझ्यासकट. आता पडताळणी. या वेळी उठणार नाही.
चाळीस टक्के.
सात पन्नास. आप्पा बाहेर म्हणतायत, या नवनाथराव, आज दोन मिनिटं आधी —
एक्क्याण्णव.
दारात उभे आहेत. खुर्ची रिकामी व्हायची वाट बघतायत. घड्याळ बघतायत.
मी उठत नाही. माझं नाव करु