आमचा भोंगा

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तूही दुखणं अंगावर काढत नसशील असं धरून चालतो.

बालगृहाचा पंप दुरुस्त करून आलो. खर्च म्हणशील तर एक बेअरिंग, दोन वायसर आणि माझी झोप. बेअरिंग-वायसर गल्लीतच मिळाले.

तुझ्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, भोंगा कसा आहे? काम फार होतं म्हणून उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होतो. इतकंही काम नव्हतं.

तुझी लेक इथे होती तेव्हा रडायला लागली की शेजारचा शिंपी मशीन थांबवून म्हणायचा, "मिस्त्री, गिरणीची पाळी सुटली वाटतं." आणि मी ऐटीत सांगायचो, मोटार असो की पोर, मला आवाजावरून कळतं. शंभर पोरांत डोळे मिटून आमचा भोंगा ओळखीन.

तिथे बालगृहात पोरं स्वच्छ आहेत, पोटभर खातात. सांभाळणाऱ्या मावशीही चांगल्या, पण एवढ्या पोरांत दोघीच. मी एकीला म्हटलं, "फार शांत हो तुमची पोरं."

"पहिले आठ दिवस रडतात. मग कळतं त्यांना."

"काय कळतं?"

मावशी दुपट्यांच्या घड्या घालत राहिल्या. "आईबाप नसलेली मोजकीच आहेत," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना कुणी ना कुणी असतं. जागा नसते."

तुझा नवरा गेला आणि त्या दवाखान्यात राहून करायची नोकरी लागली, तेव्हा मी तुला हेच ऐकवलं होतं, आणि पोर बालगृहात गेली. मागची खोली होती गं. तिच्यात पंपांच्या जळक्या मोटारी होत्या. परवा भंगारवाल्याला बोलावलं. तुझी वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "एका सकाळीत झाली की रिकामी."

पोरीला आणायला आईचीच सही लागते. रजा देत नसतील तर नोकरी सोडून ये. इथल्या दोन दवाखान्यांत मी बोलून ठेवलंय. दिवसा ती वहिनीकडे, रात्री तुझ्या कुशीत. तुला बघून लगेच रडली नाही तर घाबरू नकोस. उचलून घे, आणि खाली ठेवू नकोस.

त्या दिवशी पंप बंद करून मी पोरांच्या खोलीच्या दारात बराच वेळ कान देऊन उभा होतो. सगळ्यांचे केस बारीक कापलेले, सगळी जागी, आणि कुणाचाच आवाज नाही. शेवटी मावशींना विचारावं लागलं, यातली आमची कोणती?

खोली झाडून बसलेला,
तुझा दादा