खंजिरीवरचे निळे ठिपके

प्रिय धीरज,

नाई रे बाप्पा, डोळे बरे आहेत माहे, अन् बोटंबी दुखत नाई. फोनवर तू तेच तेच विचारलं, गेम खेळली का, टाकू का, अन् मी भाजी लागून राह्यली म्हणून फोन ठेवला. भाजी कुठची, चूलबी पेटली नव्हती. तू धाडलेला गेम मी खेळली. त्याले हो म्हणू का नाई म्हणू, हे तोंडानं निघत नव्हतं, म्हणून लिहून राह्यली. अक्षराले हसजो नको. गुरुजी म्हणत, ह्या पोरीनं लिहिलं का कोंबडीनं उकरलं, काई समजत नाई.

तुमी बनवलेला गेम पहिल्यांदा आला तव्हा त्यात मोजकी गाणी होती. ठिपका खाली आला का ठेक्यावर बोट मारायचं. शेजारची रक्षा म्हणे, काकू, तुमी तर पोट्ट्यांच्या वरताण निघाल्या! त्यातलं एक पेरणीचं गाणं तर मले इतकं आवडे का दाळ निवडतानाबी तोंडात तेच. मंग तुमी रोज नवं गाणं टाकाले लागले. रोज बक्षीस, रोज घंटी. जेवाले बसलं का मोबाइल म्हणते, आज तुमी खेळल्या नाई! अरे, माही सासूबी इतकी मागं लागत नव्हती. रक्षाच्या मोबाइलात दुसऱ्यायचेबी असेच चार गेम होते. ठिपके तेच, रंग तेवढा अलग. तिनं सारे काढून टाकले. तू विचारते ना, लोक काऊन सोडून चालले? कोनी रागावलं नाई रे. कान किटले त्यायचे. ते पेरणीचं गाणं आता वर्ध्याच्या बसमधी लागलं, तर मले उठून दुसऱ्या सीटवर बसावं वाटते.

तुह्या बाबाचं भजन कसं राहे, आठवते तुले? गुरुवारचा गुरुवार. थंडीत खंजिरीचं कातडं ढिलं पडे, का भजन अर्ध्यात थांबे. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर खंजिरी शेकून होईपर्यंत सारं मंडळ चूप. मोतीलालभाऊ तेवढे खोकलत. तुहे बाबा खंजिरी फिरवता फिरवता बायांकडे पाहत, अन् मी बाजूच्या बाईले मोठ्यानं म्हणो, खंजिरी शेकून राह्यले का भाकर? त्यायले हसू फुटे, अन् पहिलीच थाप चुके. कोनामुळं चुकली, हे साऱ्या देवळी गावाले मालूम होतं.

आता तू म्हणते, बाबाच्या मागं एकच रेकॉर्डिंग राह्यली, त्या पोळ्याची. असा आवाज कोनत्याच गेममधी नाई, लोक वापस येतील. नाई तर गेम बंद करा लागन. पण आई, तू हो म्हटल्याशिवाय टाकत नाई. सोबतचे पोट्टे खोळंबले आहेत, हेबी मले समजते. पुण्यात तू त्याच्यासाठी किती खपला, ते मी पाह्यलं. तुहं काम बुडावं, असं मले काऊन वाटन?

तू धाडलेला बाबाच्या खंजिरीचा गेम पहिल्या दिवशी खेळली तव्हा रडली. बोट कुठंबी पडे, अन् मोबाइल लाल अक्षरात म्हणे, चुकलं. मी मोबाइललेच झापलं, त्यायले चुकवणारी मी होती, तू कोन रे मले चूक सांगणारा? मंग जिद्दीले पेटली. सकाळी, दुपारी, तेच. एक दिवस सारं बरोबर आलं, चांदण्याच चांदण्या पडल्या. तरी खेळतच राह्यली. अन् एकदा बोट चालू होतं, तुहे बाबा वाजवून राह्यले होते, अन् मी मनात म्हणत होती का आज वांगं करू का गवार? ठेका एकबी चुकला नाई. मी तिथं नव्हतीच.

आता डोळे मिटून त्यायले आंगणात बसलेले पाहाले जाते, तर त्यायच्या तोंडावरून निळे ठिपके पडतात.

म्हणून नाई म्हणते, बेटा. टाकू नको. गेम बंद होत असन तर होऊ दे, अन् तू मोकळा झाला का घरी ये. चार रोज निजजो, खाजो. लोकायचं काय, ते आठ दिवस वाजवतील अन् फेकतील. त्यायचं काई जात नाई, ते तुह्या बाबाले वळखतबी नाई. रक्षाले मी सांगून ठेवलं का रडू येते म्हणून मी ते ऐकत नाई. तुलेबी तेच सांगणार होती. रडू येत नाई रे. कितीबी ऐकलं तरी येत नाई. तुह्या बाबाच्या खंजिरीचा मले कटाळा आला.

तुहीच,
माय