सारंगच्या खोलीबाहेरचा ब्रॅकेट

अहो,

बाहेरच्या भिंतीला नवीन पॅनल लावायला माणसं आज सकाळीच येतील. भिंतीलगतच्या कुंड्या मी सरकवल्या आहेत. कढीपत्त्याची तेवढी हलली नाही, ती तुम्ही ओढा, कंबर सांभाळून.

कॉन्ट्रॅक्टर टॅनना मी तुम्हाला न विचारता एक सांगितलंय, त्याबद्दल हवं तर रागवा. सारंगच्या खोलीबाहेरचा एसीचा ब्रॅकेट काढून पाइपचं भोक बुजवायला सांगितलंय. ‘राहू दे, तो आला की लागेल,’ असं तुम्ही म्हणाला होतात. पण भोक ठेवलं तर पाणी आत जाणार, आणि पॅनल लागल्यावर पुन्हा भोक पाडता येत नाही; टॅन म्हणाले, ‘कॅनॉट ड्रिल लाह, आंटी’.

नॅशनल सर्व्हिसची सक्तीची दोन वर्षं सैन्यात न काढता परदेशी गेलेला मुलगा इथे उतरला की थेट पोलिसांच्याच ताब्यात जाणार, हे तुम्हालाही माहीत आहे. तिथे त्याला एसी कोण देणार आहे?

ब्रॅकेट उतरवताना मला बघवणार नाही, म्हणून क्लेमेंटीला शैलाकडे जाते आहे. त्याची खोली तुम्हीच उघडा, त्यांना आतून खिडकी लागेल. पलंगावर मांडलेले रंगांचे नमुनेही उचला. त्याला आवडतो म्हणून तुम्ही निळा ठरवलात, तेव्हा मी अडवलं नाही.

हे मी एकटीने ठरवलेलं नाही. काल फोनवर त्यालाच विचारलं. वाटलं होतं, जरा घुटमळेल. ‘बुजवून टाक, आई,’ म्हणाला. लगेच म्हणाला. मग तिकडच्या थंडीबद्दल बोलत राहिला.

तुम्ही त्याला पुन्हा विचारू नका.

रत्ना