कॅम्पहून आलेला पाहुणा

बाबा, तुमचा नातू तुमच्यासारखाच टेरिटोरियलमध्ये गेला. म्हणजे पूर्ण वेळच्या फौजेत नाही. आपला कामधंदा सांभाळून वर्षातून दोन महिने वर्दी घालायची आणि सरकारने बोलावलं की सगळं टाकून जायचं, त्या फौजेत. तुम्ही पुलगावच्या गिरणीत फिटर होतात, हा इथे हिंगणघाटला वडिलांच्या मोटरपंपाच्या दुकानात बसतो. पोटापाण्याचं काहीतरी असल्याशिवाय तिथे घेत नाहीत, ही अट अजून तशीच आहे. मागच्या महिन्यात त्याच्या पलटणीला बोलावणं आलं. वर्षभरासाठी म्हणतात, वाढूही शकतं. मी त्याला गाडीत बसवून दिलं आणि स्टेशनवरून सरळ शाळेच्या ऑफिसात जाऊन दाखले लिहीत बसले. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, तुम्ही मोठ्या धीराच्या. धीर कसला? मला काही वाटतच नव्हतं. अजूनही वाटत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात, मग गाल आपलाच असून हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं महिनाभर चाललं आहे.

भरतीला जायच्या आधी तो रोज माझ्यामागे लागायचा. "आई, तिथं गेल्यावर काय काय होते, सांग ना. आबाजी तर तुले सगळं सांगत होते म्हणते तू." तेव्हा मला आपलं पुलगावचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही भिंतीला टेकून लसूण सोलता आहात, आणि कॅम्पच्या गोष्टी चालल्या आहेत. मी त्याच गोष्टी त्याला सांगितल्या. पहिल्या दिवशी केस जातात, त्याचं दुःख करायचं नाही, सगळ्यांचेच जातात. दाढी आलेली नसली तरी सकाळी गालावरून वस्तरा फिरवायचा, कारण कवायत शिकवणारा उस्ताद हात लावून बघतो. उस्ताद चुकीचं बोलला तरी "जी उस्ताद" म्हणायचं. नवे बूट चावतात, पण ते लंगडून दाखवायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी जास्त पळवतात. रांगेत तुझ्या एका बाजूला मास्तर असेल आणि दुसऱ्या बाजूला एसटीचा ड्रायव्हर, आणि तिघांनाही सारखंच झापतील. पळण्याचं काही नाही, पळणं आठवड्यात अंगवळणी पडतं. कठीण असते ती दुपार, जेवण झाल्यावरची, तेव्हा घर आठवतं. तेव्हा पितळेचं बक्कल घासत बसायचं. हे सगळं तुमच्याच शब्दांत माझ्या तोंडून येत होतं आणि पोरगा हसत होता. पक्के फौजी चिडवतील, हेही सांगितलं. पुलगावात दारूगोळ्याच्या डेपोमुळे खऱ्या फौजींचा काय तोटा, बाजारात तुम्हाला पाहिलं की कोणीतरी हमखास म्हणायचं, "क्या दो महीने के जवान, कैसे हो?" तुम्ही त्यालाही कडक सलाम ठोकायचात.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही, ती पाहुण्याची. तुमच्या पहिल्या कॅम्पात एका हवालदाराने सगळ्यांना बजावलं होतं, "घर जाके पहला हफ्ता मेहमान बनके रहना. घर तुम्हारे बगैर चलना सीख गया होता है, उसको धक्का मत देना." तुम्ही ते अक्षरशः पाळलंत. कॅम्पहून आलात की समोरच्या खोलीत, जिथे पाहुणे बसतात त्या खुर्चीवर बसायचात. येताना पाहुण्यासारखे पेढे आणायचात. स्वयंपाकघरात यायचं नाही, कोणाला काही सांगायचं नाही, वस्तूंच्या जागा बदललेल्या दिसल्या तरी बोलायचं नाही. आम्हाला पोरांना तो सण वाटायचा. "पाहुणे, चहा घेता काय?" म्हणून मी ट्रे घेऊन यायची आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणायचात, "चालन, पण तुमाले तरास नको." आठवडा सरला की आई दारात उभी राहून म्हणायची, "झाला न जी पाहुणचार? उठा आता, नळाचा वायसर बदला." तुम्ही उठायचात, आणि वायसर बसवता बसवता पहिला आवाज चढायचा. त्या आवाजाने घर पुन्हा तुमचं व्हायचं. माझ्यावर तर तुम्ही एकदा असे ओरडला होतात की गल्लीच्या टोकाचे लोक बाहेर आले. मी तुमच्या पान्याने भिंतीत खिळा ठोकत होते. "पाना हाय का हातोडा हाय थो? फिटरची पोरगी हायेस ना तू?" मी दिवसभर जेवले नव्हते.

मग मी दहावीत असताना तुमच्या पलटणीला ते लांबचं बोलावणं आलं. उत्तरेत कुठेतरी एका पुलावर पहारा. जाताना तुमच्या पलटणीतल्या साहेबांनी घरच्यांना समजावलं होतं, जवानाला घरच्या कटकटी कळवू नका, त्याचं लक्ष उडतं. आईने हे वेदवाक्य मानलं. शेजारच्यांच्या फोनवर तुमचा फोन यायचा, आणि आई आधी पदराने तोंड पुसून मग रिसीव्हर उचलायची. "इकडं सगळं ठीक हाय. तुमी काई काळजी करू नका. आमचं काई अडून नाई राह्यलं." त्या वर्षी पावसाळ्यात मागची भिंत खचली, मला टायफॉइड झाला, आजी पडली. तुम्हाला यातलं काहीच कळू दिलं नाही. आई सिलिंडर उचलायला शिकली, गवंड्याशी भांडायला शिकली, माझ्या अकरावीच्या प्रवेशासाठी वर्ध्याला एकटी जाऊन आली. फोनवर मीसुद्धा तेच म्हणायची. सगळं मस्त आहे, बाबा. आम्हाला वाटायचं, आपण तुम्हाला बळ देतो आहोत. तिकडे बर्फात उभ्या असलेल्या माणसाला आपण दर आठवड्याला काय सांगतो आहोत, याचा विचार कोणीच केला नाही.

तुम्ही आलात ते मे महिन्यात, आणि माझ्यासाठी लोकरीचा जाड स्वेटर घेऊन आलात. पुलगावच्या मे महिन्यात! आम्ही पोट धरून हसलो, तुम्हीही थोडं हसलात, आणि समोरच्या खुर्चीवर बसलात. आठवडा झाला. आईने दारात उभं राहून नेहमीचं वाक्य म्हटलं. तुम्ही उठलात, वायसर बसवलात, हात धुतलेत आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसलात. आईला वाटलं, थकवा आहे. गिरणीने कामावर घेतलं, तुम्ही जायला लागलात, पगार आईच्या हातात द्यायला लागलात. पण घरी आलात की खुर्ची. जेवण झालं की ताट स्वतः धुवून ठेवायचात. गोळाभात खारट झाला तरी "छान झाला" म्हणायचात. आई एकदा वैतागून म्हणाली, "काऊन जी, असे लोकांच्या घरी बसल्यासारखे काऊन बसता?" तुम्ही म्हणालात, "चांगलं चालून राह्यलं ना तुमचं. मी कायले मधात पडू?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. एका रविवारी मी मुद्दाम तुमचा पाना घेतला आणि तुमच्या डोळ्यांदेखत अंगणातल्या खांबाला खिळा ठोकायला लागले. जोरजोरात ठोकला. तुम्ही उठून आलात, खिळ्याकडे पाहिलंत. "बसला ना नीट? झालं मंग." पाना पुसलात आणि जागेवर ठेवून दिलात. मी आत जाऊन पांघरूण घेऊन पडले. मला तुमचा फार राग आला होता, आणि तो कोणापुढे काढायची सोय नव्हती, कारण तुम्ही काहीच वाईट केलं नव्हतं.

पुढची चार-पाच वर्षं तुम्ही असेच राहिलात आणि असेच गेलात, कोणाला त्रास न देता. तुमच्या तेराव्याला देवळीहून तुमच्या पलटणीतले एक ट्रॅक्टर मेकॅनिक आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, काका, तिथे काय झालं होतं? मला वाटलं, गोळीबार सांगतील, कोणी डोळ्यांसमोर मेलेलं सांगतील. ते म्हणाले, "काई झालं नाई, ताई. पुलावर उभे राह्यत होतो. थंडी होती, बस. तुमचे बाबा फोनवरून आले की सांगत, घरी मस्त चालून राह्यलं, माह्याबिगर काई अडत नाई. आमच्या घरून तर रोजचं रडगाणं. आमाले हेवा वाटे त्याईचा." मी त्यांना चहा दिला. त्यानंतर वर्षानुवर्षं मी हे कोणालाही सांगितलं नाही, आईला तर नाहीच.

तुमचा नातू पहिल्या कॅम्पहून आला तो दारातूनच ओरडत आला, बूट एकीकडे, बॅग एकीकडे, "आई, खायले दे." मी पोहे टाकले. पण तो कॅम्प होता. आता हे वर्ष आहे. सगळे मला सांगतात, त्याचे वडीलसुद्धा, की फोनवर हसून बोल, सगळं ठीक आहे म्हण, पोराला बळ येतं. रविवारी त्याचा फोन येतो. "आई, घरी ठीक हाय ना सगळं?"

"नाई," मी म्हणते. "काईच ठीक नाई. कूलर बंद पडला. मोटर जळली वाटते. तुह्या बाबाले जमून नाई राह्यलं, अन् दुकानात गिऱ्हाईक तुलेच विचारते."

"अवं आई, मोटर नसन जळली! पंप जाम झाला असन. खालची जाळी साफ करत जा म्हणून किती खेपा सांगतलं तुले? एवढंही होत नाई काय तुमच्याच्यानं? मी काय तिथून येऊ काय आता?"

तो असा बराच वेळ तोंडसुख घेतो आणि मी फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहते. मधेच म्हणते, नाही रे बाबा, तुझ्याशिवाय नाही होत. त्याचे वडील समोरून माझ्याकडे बघत राहतात. त्यांना मी काही सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते, आणि हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणूनच सांगता येतं. कूलरला काही झालेलं नाही, बाबा. मी त्याच्यासमोरच बसले आहे, आणि वाऱ्याने हा कागद सारखा उडतो आहे.