झाकणावरचा पोचा

३ फेब्रुवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

संगणकातल्या तुझ्या त्या आभासी गावात जाऊन आलो. वाचनालयातल्या बाईंनी वाट दाखवली. लोक तिथं खोटी घरं थाटतात आणि तू त्यांना शोभेच्या वस्तू घडवून देतेस, हे अखेर डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या घरातल्या फळीवर मामीचा जपानी चहाचा डबा! मी पाठवलेल्या फोटोवरून हुबेहूब उतरलाय. पण झाकणावरचा पोचा कुठं गेला? तो दोष नव्हे गं. चहा झाला की मामी हाक न मारता तिथं चमचा वाजवायची. तीस वर्षांचं तिचं काम तू एका दुपारी पुसून टाकलंस! ती गेल्यापासून डबा मुकाच आहे म्हणा.

तुझी खुर्ची रिकामी होती. कामात असशील.

लोभ असावा, पोच्यासकट.
तुझा मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

कान पकडते. गिऱ्हाइकांना सगळं गुळगुळीत लागतं, त्या सवयीनं घासला. पोचा जागच्या जागी बसवलाय.

आता माझी फिर्याद. माझ्या त्या घरी कोण आलं-गेलं याची नोंद राहते. रोज चार वाजता एक पाहुणा येतो, फळीसमोर वीस मिनिटं खांबासारखा उभा राहतो नि निघून जातो. पत्रात तर एकदाच गेल्यासारखं लिहिलंस, लबाडा! अरे, तिथं बसताही येतं. चारला माझ्या बैठका असतात, म्हणून एक युक्ती केलीय. डब्याला हात लावलास की चमचा तीनदा वाजेल, माझ्या फोनवरसुद्धा. जमलं की धावत येईन.

लोभ आहेच, रागावलास तरी राहू दे.
तुझी ठमी

४ मार्च

चि. ठमीस, आशीर्वाद.

पकडलंस. शाळेत कवितेचं शेवटचं कडवं विसरलो की मी बाक धरून उभा राहायचो, तसाच तुझ्या फळीसमोर राहतो. बसायचं कसं ते बाईंनी शिकवलं, पण बसून बोलायचं कुणाशी?

काल हात लावला. चमचा वाजला आणि मी वाचनालयात खुर्चीवरून उठून मोठ्यानं ओ दिली. सगळ्यांच्या माना वर्तमानपत्रांतून वर आल्या.

तू आली नाहीस. बैठक असेल, मनाला लावून घेऊ नकोस. फक्त एक सांगतो. मामी दोनदाच वाजवायची. तिसऱ्याची वेळ मी कधी येऊ दिली नाही. काल तिन्ही टोले ऐकले.

तरी तिसरा काढू नकोस. तो तुझा. उद्या चारला पुन्हा वाजवीन.

लोभाचं झाकण घट्ट लाव, हवा लागता कामा नये.
तुझा मामा