मोराच्या नक्षीखालचं नाव

प्रिय कल्लप्पाअण्णा,

मागाची ती खटखट अजून कानात आहे. तिच्या ठेक्यावर तू मला शाळेतल्या कविता म्हणायला लावायचास. भांडून तू घर सोडलंस, त्याला तीस वर्षं झाली.

धंदा सावरायला बोलावलेल्या सल्लागार अंकिताबाई म्हणाल्या, "काका, चादरीमागची गोष्ट विकते. ही मोराची नक्षी कुणाची?"

"माझीच की!" मी म्हणालो. नक्षी तर तू काढलेली, अण्णा.

आता प्रत्येक चादरीच्या लेबलावर माझं नाव आहे, आणि रिकाम्या मागापाशी तू बसलेला दिसतोस.

हे लिहीत होतो, तेवढ्यात दार वाजलं. अनोळखी मुलगी, हातात घडी न मोडलेली आपली चादर.

"मी चंद्रिका, कल्लप्पांची मुलगी. अप्पा गेले. म्हणायचे, धाकट्यानं चादरीवर माझंच नाव घातलं असंल बघ."

तुझा,
मल्लिनाथ